जयसिंगची केशरी कॅप्सूल

जयसिंगला दहावीला शास्त्रात जेमतेम पास करून घेतलं होतं. हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही कोथरूडच्या शाळेत एकाच बाकावर बसायचो आणि त्याची प्रयोगवही मीच लिहून द्यायचो. प्राणवायूची बाटली कुठली आणि रिकामी कुठली, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तोच जयसिंग पंचावन्नाव्या वर्षी माझ्या औषधाच्या दुकानात उभा राहून माझ्याच गिऱ्हाइकांना 'मायटोकाँड्रिया' हा शब्द एका दमात म्हणून दाखवायचा. गिऱ्हाइकं भारावून माना डोलवायची आणि मी त्यांच्या खोकल्याच्या बाटल्या पिशवीत भरत बसायचो.

कोथरूड गाव होतं तेव्हा त्याच्या वडिलांची, गेनबांची, शाळेमागे जमीन होती. ज्वारी आणि भुईमूग निघायचा. पुढे गाव शहरात गेलं, जमीन बिल्डरकडे गेली आणि भुईमुगाच्या जागी सोसायट्या उगवल्या. त्यातल्या एका बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जयसिंगचं बिऱ्हाड आणि तळमजल्यावर माझं दुकान. चार ठिकाणची भाडी यायची, त्यामुळे जयसिंगला नोकरी करायची गरज पडली नाही. असा माणूस नुसता घरी बसला तर कोणाचं काही बिघडत नाही. जयसिंगला मात्र लोकांचं भलं करायची हौस होती.

आधी चुंबकाची गादी आली. ती विकताना तो स्वतः पाठ धरून हिंडायचा. मग कसलीशी कडी आली, जी घातल्यावर राग येत नाही म्हणे. एक कडं त्याने मला फुकट दिलं आणि ते घालूनही मी त्याला दुकानाबाहेर काढलं. मग पाण्याचं मशीन आलं. नळाचं पाणी एका बाजूने आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने तेच पाणी अमृत होऊन बाहेर यायचं. गेनबांना साखरेचा आजार होता. मुलाने सांगितलं, "आबा, गोळ्या म्हणजे विष हाय, हे पाणी प्या." गेनबा साधा माणूस. मुलगा शिकलेला, मुलाला भाषणाला बोलावतात, याचं त्यांना अप्रूप होतं. त्यांनी माझ्याकडून गोळ्या न्यायचं बंद केलं. मी वर जाऊन दोनदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पोरगं काय बापाचं वाईट करंल व्हय?" आधी पायाचा अंगठा काळा पडला, मग पाय कापावा लागला आणि मग माणूसच गेला.

दहाव्याला मी ओंकारेश्वराच्या घाटावर उभा होतो. जयसिंग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दिग्या, पाणी जरा उशिरा सुरू केलं रे आम्ही." बापाच्या पिंडासमोर उभं राहून या माणसाला मशीनचा बचाव सुचला. त्या दिवसापासून माझ्या मनातून तो साफ उतरला.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे कॅप्सूल. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, मी कोणाची फुकट जाहिरात करत नाही. डबी पांढरी, कॅप्सूल केशरी, आणि आत तेलात कालवलेलं को-एन्झाइम. आता या पदार्थाशी माझं भांडण नाही. तो आपल्या शरीरातच तयार होतो आणि पेशींना अन्नातून ऊर्जा काढायला मदत करतो. वय वाढलं की थोडा कमी होतो. हृदयाच्या काही रोग्यांना त्याचा थोडाफार उपयोग होतो असं म्हणतात, आणि काही डॉक्टर तो लिहून देतात. मीही तो विकतो. पण ज्याच्या अंगात रक्त कमी आहे, ज्याची झोप पुरी होत नाही किंवा जो दिवसभर खुर्चीत बसून रात्री बिर्याणी मागवतो, त्याच्या थकव्याला ही कॅप्सूल काय करणार?

जयसिंगला विचारलं तर ती सगळं करणार होती. "आपल्या प्रत्येक पेशीत एक पॉवर हाऊस असतं," तो सांगायचा, "आणि तुमचं पॉवर हाऊस बंद पडलंय." सकाळी टेकडीवर फिरायला येणारे पेन्शनर त्याच्याभोवती गोळा व्हायचे. यांतल्या निम्म्यांनी हयातभर सरकारी कचेरीत बसून लोकांना तीन-तीन कागदांसाठी परत पाठवलं होतं. स्वतः मात्र कुठलाही कागद न मागता जयसिंगच्या पॉवर हाऊसवर विश्वास ठेवायला तयार. आयटीवाली मुलं तर त्याहून वरताण. त्यांना वाक्यात चार इंग्रजी शब्द लागतात आणि जयसिंगकडे पाच होते. "सर, मॉर्निंगमध्ये एकदम ॲक्टिव्ह फील होतं," एक मुलगा मला म्हणाला. तो त्याच आठवड्यात रात्रपाळी सोडून दिवसपाळीवर आला होता. श्रेय कॅप्सूलला गेलं.

हे चालायचं ते चालू द्यावं, असंच मी धरून होतो. लोकांना फसायची हौस असेल तर मी कोण अडवणारा? पण मग त्याने कॅप्सूल सोजरमावशींना सुरू केली.

सोजरबाई म्हणजे जयसिंगची आई. शाळा सुटली की मी त्यांच्या शेतावर जायचो आणि त्या मला ओल्या शेंगा भाजून द्यायच्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं कवचही चालायचं नाही. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलून कृत्रिम बसवली होती. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती चुकवली तर झडपेत गुठळी होते, आणि मग लकवा येतो किंवा सगळंच संपतं. त्यामुळे मावशी दर महिन्याला रक्त तपासून यायच्या, रिपोर्ट घेऊन माझ्या दुकानात खुर्चीवर टेकायच्या, गोळ्या घ्यायच्या आणि मग दम घेत-घेत तिसरा मजला चढायच्या.

मी जयसिंगला दुकानात गाठलं. "तुझी कॅप्सूल त्या गोळीचा जोर कमी करू शकते," मी म्हणालो. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय मावशींना देऊ नकोस."

जयसिंग हसला. त्याचं ते हसणं मला शाळेपासून माहीत आहे. उत्तर येत नसलं की तो तसा हसायचा. "दिग्या, तुझं दुकान गोळ्यांवर चालतं," तो म्हणाला. "लोक बरे झाले तर तू काय विकशील?"

"तुझ्यासारखे लोक आहेत तोवर मला काळजी नाही," मी म्हणालो. त्याला ते कळलं नाही, आणि मला त्याच्याकडून ती अपेक्षाही नव्हती.

मग झालं असं की मावशी सुधारल्या. दोन-तीन महिन्यांत त्या तिसरा मजला मध्ये फक्त एकदा थांबून चढू लागल्या. चेहऱ्यावर तरतरी आली. मला त्याचं कारण माहीत होतं. त्यांच्या अंगात रक्त फार कमी झालं होतं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि त्या मावशी माझ्याकडूनच नेत होत्या. पण ही गोळी दिसायला मळकट, तिला ना डबी ना भाषण. जयसिंगने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो टेकडीवर सांगू लागला, "माझी आई सत्त्याहत्तर वर्षांची, हार्ट पेशंट, आणि तीन मजले चढते."

मला छळत होतं ते वेगळंच. मावशींचा रक्ताचा रिपोर्ट दर महिन्याला जागच्या जागी. कॅप्सूल पोटात जाते आहे तर गोळीचा परिणाम थोडा तरी हलायला हवा होता, निदान मला तसं वाटत होतं. जयसिंग रिपोर्ट माझ्या काउंटरवर आपटायचा. "बघ, तुझं शास्त्र," म्हणायचा. मावशी खुर्चीत बसून बटव्यातले पैसे मोजत असायच्या. एकदा पैसे देताना मला त्यांच्या बोटांची टोकं केशरी दिसली. अष्टगंध असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

जानेवारीत कंपनीचा मेळावा ठरला. कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयात, दुपारच्या जेवणासह. मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात जयसिंग पत्रिका घेऊन दुकानात आला. लग्नाची असते तशी सोनेरी अक्षरांची पत्रिका होती. आत लिहिलं होतं, 'विशेष आकर्षण: श्रीमती सोजरबाई यांचे मनोगत.'

"आई स्टेजवर जाहीर करणार आहे," जयसिंग म्हणाला. "त्या दिवसापासून रक्त पातळ करायची गोळी बंद. फक्त आपली कॅप्सूल."

"मरेल ती," मी म्हणालो. सरळ असंच म्हणालो.

"निगेटिव्ह बोलू नकोस," जयसिंग म्हणाला आणि पत्रिका काउंटरवर ठेवून गेला.

मी वर गेलो. मावशी झोपल्या होत्या. जयसिंगची बायको शालू ओट्याशी होती. पाण्याचं मशीन अजून तिथेच होतं आणि त्याच्या डोक्यावर शालूने चहाची गाळणी वाळत घातली होती. त्या मशीनचा इतका चांगला उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. मी तिला गोळी बंद करण्याचा धोका समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "भाऊजी, सासूबाईंचं त्या बघतील. तुम्ही मेळाव्याला या." मला तिचाही राग आला.

मेळाव्याला मी दुकान बंद ठेवून गेलो. हे मी गणपतीतसुद्धा करत नाही. कार्यालय भरलेलं होतं. एकेका खुर्चीवर एकेक शहाणा बसला होता. माझ्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनियर पहिल्या रांगेत होते. त्यांनी म्हणे धरणं बांधली होती. पडद्यावर एक पेशी दाखवली, ती आधी काळी होती, मग कॅप्सूल आली आणि ती दिव्यासारखी लखलखली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूने मसालेभाताचा वास येत होता आणि मला खात्री आहे की निम्म्या टाळ्या त्याला होत्या.

मग सूट घातलेल्या सूत्रसंचालकाने मावशींचा हात धरून त्यांना स्टेजवर आणलं. मावशींनी नवं नऊवारी लुगडं नेसलं होतं. जयसिंग शेजारी उभा राहिला, छाती काढून.

"आजी," सूत्रसंचालक म्हणाला, "आमची कॅप्सूल घेतल्यावर तुम्हाला कसं वाटतं, ते आपल्या परिवाराला सांगा."

मावशींनी माइककडे बघितलं. "मला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "म्या कुठं घेतली?"

माणूस चपापला. "घेतली नाही म्हणजे? रोज दोन कॅप्सूल, जयसिंगसर सांगतात ना."

"त्यो आणून देतो, ते खरं हाय," मावशी म्हणाल्या. "पर सूनबाईनं डबी वाचून दावली. वरचं कातडं जनावराच्या हाडाचं हाय म्हणं. म्या माळकरी. मला न्हाई चालत. लेकानं आणलेलं टाकवंना, म्हून म्या सुईनं टोचायची आन आतलं तेल दिव्यात घालायची. चांगलं जळतंय. वास नाय, धूर नाय."

आधी एकच माणूस हसला. तो बहुधा मीच असेन. मग हळूहळू सगळं कार्यालय हसायला लागलं. धरणं बांधणारे इंजिनियरही हसले. सगळ्या पुण्याच्या पेशींना ऊर्जा द्यायला निघालेला पदार्थ इतके महिने कोथरूडच्या एका देव्हाऱ्यात जळत होता, आणि त्याच्या जोरावर जयसिंगने अख्खी टेकडी पटवली होती. केशरी बोटांचा आणि न हलणाऱ्या रिपोर्टचा उलगडा मला तिथे झाला. मी मसालेभात दोनदा घेतला.

जयसिंगचं नाक कापलं गेलं असं कोणालाही वाटेल. पण अशा माणसांची नाकं पुन्हा उगवतात. पुढच्या सोमवारी दुपारी एकला पाच कमी असताना, मी शटर अर्ध्यावर ओढलं असताना, तो मावशींना घेऊन दुकानात आला. मावशी नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. आदल्या दिवशी रक्त तपासलं होतं, रिपोर्ट हातात होता. जयसिंगने खिशातून नवी डबी काढून काउंटरवर ठेवली आणि तिच्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"व्हेज," तो म्हणाला. "मी कंपनीशी भांडून मुंबईहून मागवली. वरचं आवरण वनस्पतीचं. आता आईला अडचण नाही."

"बरं," मी म्हणालो. "आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या?"

"त्या नको. आता कॅप्सूल खरंच पोटात जाणार, तर गोळी कशाला? मेळाव्यात जे जाहीर करायचं राहिलं ते घरात करू." तो आईकडे वळला. "आई, आता तुझी माळ पण शाबूत आणि तब्येत पण."

मला बोलायचं होतं. पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी भीती वाटली, कारण हिरव्या ठिपक्यापुढे मावशींकडे काही कारण उरलं नव्हतं. मुलाच्या शब्दाबाहेर जाणारी ही बाई नव्हती. गेनबांना पाणी पाजताना तिनेच पेला भरून दिला होता.

मावशींनी डबी हातात घेतली, हिरवा ठिपका पाहिला आणि डबी परत काउंटरवर ठेवली.

"जयसिंग," त्या म्हणाल्या, "त्यो दिवा कुठल्या देवाफुडं हाय, बघितलास का कधी?"

जयसिंगला प्रश्न कळला नाही. "देव्हाऱ्यातला ना?"

"देव्हाऱ्यात सूनबाई येगळा लावती. ह्यो तुझ्या आबाच्या फोटूफुडचा. तू रोज त्याच्या समोरनं जातोस." मावशींचा आवाज चढला नव्हता. स्टेजवर बोलल्या तसंच त्या बोलत होत्या. "माळंचं म्या लोकांत सांगितलं, तुझी शोभा नको व्हाया म्हून. आबानं तुझं समदं ऐकलं. पाणी पी म्हणलास, पिला. गोळी टाक म्हणलास, टाकली. पाय कापाया नेला तवाबी म्हणत हुता, पोरगं माझ्या भल्याचंच सांगतंय. म्हून तू मला जे आणलंस, ते म्या त्याच्याफुडं जाळलं. हिरवं असू दे न्हाईतर लाल. मी न्हाई ऐकणार तुझं."

शटर अर्ध्यावर होतं, बाहेर रस्त्यावर कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न अडकून वाजत होता. जयसिंग हसेल, असं मला वाटलं होतं. उत्तर येत नसलं की तो हसतो. तो हसला नाही. त्याने तोंड उघडलं, आणि मला वाटतं 'उशिरा सुरू केलं' हेच पुन्हा त्याच्या जिभेवर आलं होतं. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने तोंड मिटलं. मग त्याने डबी उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून हातातच धरून उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा, चार भाडी खाणारा, मायटोकाँड्रिया सांगणारा माणूस, आणि त्याला डबी कुठे ठेवायची ते कळत नव्हतं. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मला गेनबा आठवले.

मी मावशींच्या हातातला रिपोर्ट घेतला. सगळं जागच्या जागी होतं. "गोळ्या किती दिवसांच्या देऊ?" मी विचारलं. विचारलं ते मावशींना.

उत्तर जयसिंगने दिलं. "महिन्याच्या दे," तो खाली बघून म्हणाला. माझ्या दुकानातून त्याने आईसाठी औषध मागितलं, ते पहिल्यांदा. मी गोळ्या पिशवीत घालून दिल्या आणि नेहमीसारखं काही लागट बोलायला तोंड उघडलं, पण मावशी खुर्चीतून उठत होत्या, म्हणून राहू दिलं.

मावशी जिन्याकडे निघाल्या. पहिल्या पायरीवर कठडा धरून त्या थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "आन जयसिंग, दुकानं बंद व्हायच्या आत जाऊन पावशेर तेल आण. आबाच्या दिव्यात आता घालाया काय न्हाई."